एका वेळी एकच चॅनेल

१

फिरोज आतारला मारणाऱ्याचं एका घावावर भागलं नव्हतं. वेल्ह्याच्या बाजारामागे त्याची केबलची कंट्रोल रूम होती. मी आत पाऊल टाकलं तेव्हा तो टेबलाशेजारी पालथा पडला होता. डोक्याचा मागचा भाग आत गेलेला, गळ्याभोवती त्याचीच काळी केबल आवळलेली. डिश उभी करायचा लोखंडी पाइप बाजूला पडला होता आणि त्याला केस चिकटले होते. पोलिसात इतकी वर्षं काढूनही मला बाहेर येऊन भिंतीला टेकावं लागलं. हवालदार मंगलने पाण्याची बाटली पुढे केली, पण मी घेतली नाही.

उन्हाळ्यातला रविवार होता आणि टीव्हीवर भारताचा सामना होता. दारासमोर अर्धा बाजार जमला होता आणि सगळ्यांचं म्हणणं एकच.

"म्याडम, मॅच रंगात आलेली आन् धाडकन चित्र गेलं. आमी फिरोजभाईला फोन लावला, उचलंना. म्हणून हितं पळत आलो, तर सिद्धा ढेबे दारातनं बाहीर येतोय. दोनी हात रक्तानं माखलेलं. आमाला बघितलं आन् डोंगराकडं सुटला."

सिद्धनाथ ढेबे हा तोरण्याच्या अंगाला असलेल्या वस्तीवरचा, शेळ्या राखणाऱ्या घरातला तरुण. फिरोजने त्याच्या घरचं कनेक्शन कापलं म्हणून त्याच आठवड्यात तो भांडायला आला होता. फिरोजने पक्कड मारून त्याचं नाक फोडलं होतं आणि नाक धरून खाली बसलेला सिद्धा म्हणाला होता, "तुला हितंच गाडीन." हे सगळं याच गर्दीने पाहिलं होतं. फळीवरचं मुख्य यंत्र फोडलेलं होतं आणि त्यातलं कार्ड गायब होतं. चित्र का गेलं ते सांगायला कुणा विद्वानाची गरज नव्हती.

मला मात्र उंबऱ्याजवळचं रक्त खटकलं. त्यावर साय धरली होती आणि माश्या बसल्या होत्या. ग्रामीण रुग्णालयाचे डॉक्टर म्हणाले, "दुपारी कधीतरी. तापलेल्या पत्र्याखाली पडलेल्या देहावरून याहून नेमकं सांगता येत नाही." मी ते तेवढ्यावर सोडलं.

तेवढ्यात फिरोजचा थोरला भाऊ जहांगीर भोरहून टेम्पो घेऊन पोचला. आत जाऊन त्याने भावाचं तोंड पाहिलं आणि बाहेर आला. रडला नाही.

"म्याडम, तुमी तुमचा पंचनामा करा. उद्या दिवस मावळायच्या आत ज्या हातांनी ह्ये केलं ते हात मी तोडणार."

"जहांगीरभाई, हे तुम्ही पोलिसासमोर बोलताय."

"समोरच बोलायचं व्हतं."

तो बोलल्याप्रमाणे करणारा माणूस होता. त्याच्या मागावर मी एक शिपाई ठेवला. सिद्धाला त्याच्या आधी मी गाठला नाही, तर मला दुसरा पंचनामा करावा लागणार होता.

२

अल्ताफ हा फिरोजच्या बायकोचा धाकटा भाऊ. डोंगरातल्या लायनी ओढायचं, बॉक्स बसवायचं काम तोच करायचा. तो ठाण्यात बसून हुंदके देत होता. मी त्याला चहा पाजला आणि म्हटलं, "तुमचा धंदा मला समजावून सांग. कायदेशीर आहे की नाही ते मी नंतर बघते."

"म्याडम, टीव्हीचं चित्र कुलूप लावून येतं. खऱ्या धंद्यात घरटी एक कार्ड. कंपनी त्या कार्डाला किल्ली देती, ती किल्ली दर काही सेकंदाला बदलती. दाजींनी एकच खरं कार्ड घेतलेलं. ते यंत्रात घालायचं आन् त्यातनं निघणारी किल्ली नेटवरनं सगळ्या वस्त्यांतल्या बॉक्सला वाटायची."

"आणि कार्ड काढलं की?"

"किल्ली थांबती. एका दमात सगळ्या डोंगरात अंधार." त्याने डोळे पुसले. "म्हणून तर म्हणतो, चित्र गेलं तवाच दाजींना मारला. मी तवा पालीत ज्ञानोबा काकांच्या घरी व्हतो. आमची विकेट पडली आन् चित्र गेलं. सगळ्यांनी बघितलंय मला."

पुण्यातल्या कंपनीच्या इंजिनिअरने फोनवर तेच सांगितलं, फक्त जास्त वेळ घेऊन. मात्र एक भर त्याने घातली. "असं एक कार्ड एका वेळी एकाच पैशाच्या चॅनेलचं कुलूप नीट उघडतं, मॅडम. कुणी दुसरं लावलं की त्याची दमछाक होते आणि सगळ्यांचंच चित्र अडकायला लागतं."

अल्ताफला विचारलं तर तो रडता रडता हसला. "व्हय की. म्हणून दाजींचा नेमच व्हता. मॅचच्या टायमाला सगळ्यांनी मॅच बघायची, सांजच्याला सगळ्यांनी सिरियल. कुणी नेम मोडला की यंत्रावर दिसायचं कुठल्या घरानं काय मागितलं. लगेच फोन जायचा. पार आईबहिणीवरनं."

म्हणजे आमच्या तालुक्यातल्या माणसांनी काय बघायचं ते एक माणूस शिव्या घालून ठरवत होता, आणि माणसं मुकाट ऐकत होती, कारण स्वस्तात मिळत होतं. सिद्धाच्या घरचं कनेक्शनही त्याच पायी कापलं होतं. त्याची आई धोंडाबाई हिने मॅच चालू असताना सिरियल लावली होती. पुन्हा करणार नाही अशी शपथ तिच्याकडून घेऊन अल्ताफने ते परत जोडून दिलं होतं.

उन्हं कलायच्या आत मी वस्तीवर पोचले. धोंडाबाई शेळ्या बांधत होती.

"मावशी, सिद्धा कुठंय?"

"ठावं न्हाई."

"चित्र गेल्या गेल्या तुम्ही त्याला फोन केलात, फोन कंपनीने सांगितलं. तो वेल्ह्यात होता. काय बोललात?"

तिचा हात दाव्यावर थांबला. "जेवलास का म्हून इचारलं."

"तुमच्या घरी टीव्ही चालू होता?"

"बंद व्हता. दिसभर बंद व्हता."

घाबरलेल्या बाईचं खोटं मला ओळखू येतं, पण ती पोराला घाबरतेय की पोरासाठी, ते कळेना. मी निघताना ती म्हणाली, "त्यानं मारला न्हाई, बाई." मी म्हटलं, "मग त्याला माझ्याकडं आणा. जहांगीर आणणार नाही." तिने तोंड फिरवलं.

३

सोमवारी सकाळी भोरला फिरोजच्या घरी गेले. त्याची बायको खुर्शिदा बायकांच्या घोळक्यात बसली होती आणि तिचा डावा हात प्लास्टरमध्ये होता.

"हे कधी झालं?"

"शनवारी. नळावर पडले."

नळावर पडलेल्या बाईच्या गळ्यावर बोटांचे वळ उठत नाहीत. मी ते पाहिले, आणि मी पाहिल्याचं तिनेही पाहिलं. घोळक्यासमोर पुढे विचारायला माझी जीभ वळली नाही. ती स्वतःच हळू आवाजात म्हणाली, "माणूस गेला, म्याडम. आता काय बोलायचं?"

तिथून किकवीला. इंद्रजित हा तिथला परवानाधारक केबलवाला. फिरोजने त्याची सगळी डोंगरातली गिऱ्हाइकं पळवली होती आणि त्यावरून दोघांची माणसं हायवेवर सळया घेऊन एकमेकांना भिडली होती. इंद्रजितचा एक कान त्या दिवसापासून अर्धा होता.

"तुम्हाला आनंद झाला असेल."

"खोटं कशाला बोलू? झाला," तो म्हणाला. "पण मी मारला असता तर मॅच सुरू व्हायच्या आधी मारला असता. सगळा डोंगर पहिल्या चेंडूपासून अंधारात बसवला असता आणि दुसऱ्या दिवशी माझे बॉक्स घेऊन फिरलो असतो. अर्धी मॅच फुकट दाखवायला मी काय खुळा आहे?"

रविवारी तो दिवसभर नसरापूरला लग्नात होता, आणि फोटोत त्याचा अर्धा कान स्पष्ट दिसत होता. मला तो माणूस आवडला नाही, पण बोलणं पटलं. ज्याने हे केलं त्याला चित्र चालू हवं होतं आणि मग ठरावीक वेळी जायला हवं होतं. सिद्धाला यातलं काय कळणार?

मी गाडीत बसले आणि मंगलचा फोन वाजला. जहांगीरच्या मागावर ठेवलेला शिपाई भोरच्या चौकात कपाळ फुटून पडला होता. जहांगीर टेम्पो घेऊन निघाला होता. सोबत अल्ताफ होता.

४

पाली वाटेत होतं. मंगल म्हणाली, "म्याडम, थांबायला नको." मी म्हटलं, "सिद्धाला वाचवायचं तर मारणारा कोण ते मला कळायला हवं. नाहीतर आज वाचेल, उद्या मरेल." तिला गाडी चालू ठेवायला सांगून मी ज्ञानोबांच्या ओट्यावर चढले.

राजगडला येणाऱ्या ट्रेकरांना ज्ञानोबा जेवायला-राहायला देत, त्यामुळे त्यांच्याकडे चांगलं नेट होतं. म्हातारा बोलका होता.

"अल्ताफ? व्हता की. आमचा ब्याटिंगचा डाव सुरू झाल्यापासनं हितंच व्हता."

"तुम्ही बोलावलं होतं?"

"न्हाई बा. मधल्या सुट्टीत आमी टीव्ही बंद करून गुरांना पाणी दावलं. पुन्यांदा लावला तर चित्रच यीना. तेवढ्यात हा आला. बॅग ठिवली, वायरी लावल्या, आन् लागलं की चित्र! पोराच्या हाताला यश हाय."

"मग नीट चाललं?"

"कसलं? सारखं अडकायचं. बॉल टाकला की गडी तिथंच हुबा. अल्ताफ म्हनला, कुनीतरी सिरियल लावलीया, दाजी आता त्याची आई काढतील बगा."

"आणि चित्र गेलं तेव्हा अल्ताफ?"

"त्याला फोन आला. बोर्डातली वायर उपटून दारात गेला. आन् हिकडं विकेट, आन् टीव्ही बी मेला. लई बोललो आमी त्याला."

मला काहीतरी बोचत होतं, पण हातात धरता येत नव्हतं. अल्ताफ चित्र घेऊन आला आणि चित्र घेऊन गेला. ही माणसं त्याला यश म्हणत होती. पण फिरोज चित्र जाईपर्यंत जिवंत होता, असं सगळा तालुका सांगत होता. तो जिवंत नव्हता हे सिद्ध कशाने करू? मेलेला माणूस मेला होता हे सांगायला एखादी जिवंत खूण लागते, आणि ती माझ्याकडे नव्हती.

वेल्ह्याच्या पुढे चढणीला जहांगीरचा टेम्पो रस्त्याकडेला उभा दिसला. आत कुणी नव्हतं.

५

धोंडाबाई अंगणातच होती. मी तिचे दोन्ही खांदे धरले आणि ओरडले. मला त्याची लाज वाटत नाही.

"मावशी, जहांगीर अल्ताफला घेऊन वर गेलाय! सिद्धा कुठंय ते सांगा, आणि काल फोनवर काय बोललात तेही सांगा!"

ती खाली बसली. "बाई, माझ्यामुळं समदं झालं. म्या मारला फिरोजला."

"काय?"

"म्या सिरियल लावली वो. सकाळधरनं राखण करून आले, मॅचची सुट्टी सरलेली. म्हणलं, थोडीशी बगती. शपथ मोडली. मग चित्रच गेलं. म्हणलं, माझ्यामुळं यंत्र जळालं. आता कनेक्शन बी जानार आन् पोराला बी मारनार. म्हनून सिद्धाला फोन केला. म्हणलं, जा, त्याच्या पाया पड, आईची चूक झाली म्हन. त्यो गेला तर फिरोज तसा पडलेला. पोरानं त्याला उचलाया बगितलं."

"काल का नाही बोललात?"

"शपथ मोडलेली ना. कसं सांगू?"

मेलेल्या माणसाच्या शिव्यांना ही बाई अजून भीत होती. माझं डोकं एका जागी थांबलं.

"मावशी, किती वेळ लावली होती सिरियल?"

"अख्खी बगितली."

"आणि फिरोजचा फोन?"

"त्योच तर आला न्हाई. म्या हातात फोन धरून वाट बगत बसले. एरवी लगीच यायचा. न्हाई आला म्हणून बगतच ऱ्हायले."

सगळ्या डोंगराचं चित्र अडकत होतं. कुणी नेम मोडला ते यंत्रावर दिसत होतं. आणि फिरोज आतारने, ज्याने एका सिरियलसाठी माणसाचं नाक फोडलं, त्याने फोन केला नाही. कारण तो मधल्या सुट्टीतच मेला होता. त्याच्या डोक्यात पाइप घालणाऱ्याने कार्ड काढलं, खिशात घातलं आणि पाली गाठलं; सुट्टी चालू असल्याने चित्र गेलंय हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. ज्ञानोबांचं नेट वापरून बॅगेतल्या दुसऱ्या यंत्रात ते चालू केलं. फिरोज जिवंत आहे असं सगळ्या डोंगराला भासवलं, आणि घरभर माणसं साक्षीला बसलेली असताना वायर उपटून त्याला पुन्हा एकदा मारलं.

वरून किंकाळी आली.

"पाण्याच्या टाक्यापाशी हाय त्यो," धोंडाबाई म्हणाली आणि माझ्या आधी धावत सुटली.

६

कातळात खोदलेलं जुनं टाकं होतं, आणि त्याच्या काठावर सिद्धा पालथा पडला होता. त्याच्या पायांवर अल्ताफ बसला होता. लायनी ओढताना पायाखाली घातलेली प्रत्येक वाट त्याला पाठ होती. जहांगीरला इथवर त्यानेच आणलं होतं. जहांगीरने सिद्धाचा उजवा हात दगडावर दाबून धरला होता. कोयता एकदा चालून गेला होता. चार बोटं दगडापलीकडे पडली होती आणि सिद्धा आता ओरडतही नव्हता, नुसता घरघरत होता.

मी पिस्तूल काढलं. "जहांगीरभाई, दुसरा घाव घालाल तर मी गोळी घालीन."

"घाला. ह्याचा दुसरा हात घेतल्यावर घाला."

"तुमच्या भावाला मारणारा त्याच्या पायांवर बसलाय."

अल्ताफ हलला नाही. जहांगीरने मान वळवली.

"अल्ताफची बॅग उघडा. कार्ड त्यात नसेल तर त्याच्या खिशात असेल. ते कुठंही टाकून द्यायला त्याचा जीव धजला नसेल, सगळा धंदा त्यावर चालतो. काल दुपारी फिरोजने धोंडाबाईला शिव्या घालायला फोन केला नाही. तुमचा भाऊ असा गप्प बसला असता का कधी? तो तेव्हा मेलेला होता. पालीत चित्र घेऊन हाच गेला आणि चित्र यानेच घालवलं."

जहांगीर अल्ताफकडे बघत राहिला. "खिसं दाव."

"भाईजान…"

"खिसं दाव म्हणतो ना."

अल्ताफचा हात छातीच्या खिशाकडे गेला आणि तिथेच थबकला. जहांगीरला तेवढं पुरलं. कोयता वर गेला. अल्ताफने मान वाचवली, पण त्याचा गाल कानापासून हनुवटीपर्यंत उघडला. दुसरा घाव उतरायच्या आत मी जहांगीरच्या खांद्यात गोळी घातली. तो मोठा माणूस गुडघ्यांवर कोसळला आणि मग, कालपासून पहिल्यांदाच, भावाचं नाव घेऊन मोठमोठ्याने रडायला लागला.

मंगलने अल्ताफला बेड्या घातल्या. फाटलेल्या गालातून त्याचे शब्द नीट येत नव्हते.

"त्यानं आपाचा हात मोडला, म्याडम. गळा दाबला. माझ्या डोळ्यांसमोर. रविवारी मला म्हणला, तुझी बहीन हाय म्हणून जिवंत ठिवली. तुमी बगितलात ना तिला? काय करायचं व्हतं मी?"

"माझ्याकडे यायचं होतं."

"आपानं केस केली नसती."

ते खरं होतं, आणि म्हणून मला त्याची दया आली. पण ती फार वेळ टिकली नाही. मी त्याची मान धरून सिद्धाच्या हाताकडे वळवली.

"बहिणीच्या हातासाठी एकदा मारलंस, ते कोर्ट बघेल. पण आज या पोराच्या पायांवर तू बसला होतास. तू दाबून धरलंस, त्याने तोडलं. याचा हात कुणाच्या आपासाठी?"

कार्ड मंगलला अल्ताफच्या खिशातच सापडलं, रुमालात गुंडाळलेलं.

७

सिद्धाला पुण्याला नेलं. बोटं सोबत नेली होती, पण डोंगर उतरून तिथे पोचेपर्यंत उशीर झाला होता. डॉक्टरांनी जखम शिवली आणि हात तसाच राहिला. जहांगीर त्याच इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर पोलीस पहाऱ्यात होता. खुर्शिदा एकदा आली, पण ती दिराकडे गेली नाही आणि भावालाही भेटली नाही. सिद्धाच्या खोलीच्या दाराशी थोडा वेळ उभी राहिली आणि परत गेली.

तेरा की चौदा वस्त्यांतले टीव्ही बंद पडले होते. लोक मला फोन करून विचारत होते, कार्ड पोलिसांकडे आहे तर मॅचपुरतं तरी चालू करता येईल का. मी त्यांना जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

जबाब घ्यायला गेले तेव्हा धोंडाबाई पोराच्या खाटेशेजारी जमिनीवर बसली होती. तिने सगळं नीट सांगितलं, सिरियलचं नावसुद्धा. अंगठा उठवला. मग म्हणाली, "बाई, एक इचारू?"

"विचारा."

"म्या त्या ऐतवारी सांजच्यालाच सांगितलं असतं, तर ऱ्हायला असता का वो त्याचा हात?"

खोटं बोलणाऱ्यांवर मी आयुष्यभर खेकसत आले. साक्षीदार, आरोपी, वरिष्ठ, कुणालाही सोडलं नाही. रविवारी संध्याकाळी तिने ते एक वाक्य सांगितलं असतं, तर रात्रीच अल्ताफ कोठडीत असता, जहांगीरला वाटाड्या मिळाला नसता आणि कोयता उचलायला कारणही उरलं नसतं. हे मला माहीत होतं.

"नाही, मावशी," मी म्हणाले. "तरी उशीरच झाला असता."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी कागद आवरायला लागले आणि तिच्याकडे बघायचं टाळलं. थोड्या वेळाने ती गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि सिद्धाला पाणी पाजायला गेली, कारण त्याला आता त्या हातात पेला धरता येत नव्हता.